शेवटचं कडवं

आप्पांची गाणी मी कधी बसून पाठ केली नाहीत. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती कायम कुणाच्या तरी तोंडात असायची. आई भाकरी थापताना एक ओळ म्हणायची, आप्पा दाढी करताना पुढची. मधेच स्टेशनातून इंजिनाची शिट्टी यायची, कारण आमच्याकडं गाड्यांची इंजिनं बदलायची आणि त्या कामाचा धडधडाट दिवसभर चालायचा. आप्पा त्या आवाजासाठी थांबत. शिट्टी संपली की अर्धी राहिलेली ओळ जिथं सोडली तिथूनच उचलत. पाहुण्यांना हे फार विचित्र वाटायचं. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत कीमन होते. सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन काही मैल रुळांवरून चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या आणि परत फिरायचं, असं ते काम. एकट्या माणसाचं. त्या चालण्यातच त्यांना गाणी सुचायची. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी ते वही काढायचे. आई ओरडायची, "आधी तोंडावर पाणी तर मारा." ते म्हणायचे, "पाणी कुठं पळून चाललंय व्हय? हे पळंल."

गाणी बहुतेक बाबासाहेबांवरची. कॉलनीतल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या सहा-सात जणांची त्यांची गायन पार्टी होती. दर रविवारी दुपारी आमच्या दारातल्या लिंबाखाली तालीम व्हायची. ढोलकीला विलासमामा असायचा. आईचा धाकटा भाऊ. इनामगावाहून सायकल मारत यायचा आणि येताना घोड नदीचे मासे आणायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून. आई ते मासे तव्यावर नुसत्या मीठ-मिरचीत परतायची. सगळी पार्टी बोटं चाटत जेवायची आणि मग अंगणात हार्मोनियमचा भाता हलायला लागायचा. मामाची बोटं ढोलकीवर पडली की मी हातातलं सगळं टाकून अंगणात यायची. तो माझा लाडका माणूस होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्याचबद्दल आहे.

गाणं लिहिणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, अशी आमच्याकडची रीत. आप्पांच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'दौंडचा किसन' यायचा. तो आला की पार्टीतले सगळे आवाज एक पट्टी वर चढवायचे, आणि आप्पा मात्र मान खाली घालून, जरा लाजल्यासारखं ते नाव म्हणायचे. मी एकदा विचारलं, "तुमचंच गाणं, तुम्हीच म्हणताय, मग नाव कशाला सांगायचं?" तर म्हणाले, "सातबाऱ्यावर आपलं नाव न्हाई. गाण्यावर तरी असूंद्या."

त्यातलं एक गाणं माझ्यामुळं झालं होतं. मी चौथी-पाचवीत असताना आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले आणि माझ्या हातातलं पेन तिच्या पदरावर गळलं. लुगडं नवं होतं. मी रडायला लागले. आईनं तो डाग बघितला आणि म्हणाली, "ऱ्हाऊदे. लेक शिकतीय हे लोकांना कळंल तरी." आप्पा दारात उभे राहून ऐकत होते. दोन दिवसांनी गाणं तयार झालं.

शाईचा डाग लागला माझ्या पदराला गं बाई,
धुवू नगा, धुवू नगा, धुवायचा मला न्हाई.

आणि शेवटी:

दौंडचा किसन म्हणं, शाई माझ्या भीमाची,
पिढ्यानपिढ्या लिहू तरी सरायची न्हाई.

पार्टी जिथं जाई तिथं लोक हे गाणं पुन्हा म्हणायला लावायचे. मला शाळेत 'शाईची सुजाता' म्हणून चिडवायचे. मला ते आवडायचं.

मी बारावी झाले त्या सुमाराला मामानं ढोलकी सोडली आणि शिरूरला एसटी स्टँडसमोर एक गाळा घेतला. नवतरंग मोबाईल. मला शिरूरलाच कॉम्प्युटरचा कोर्स लावायचा ठरलं, म्हणून मी मामा-मामीकडं राहायला गेले. सकाळी क्लास आणि दुपारपासून दुकान. आता माझ्या लेकाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण तेव्हा गाणी मोबाईलमध्ये आपोआप येत नसत, ती भरून घ्यावी लागत. लोक नखाएवढं मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "भरा." एमआयडीसीतून सुटलेली पोरं रांगेनं यायची. बिहारकडचा कुणी म्हणायचा, "दीदी, भोजपुरी भर दो, पूरा." कुणाला लावण्या, कुणाला भक्तिगीतं, कुणाला कालच लागलेला सिनेमा. मामाच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं होतं. ते कुठून आलं हे मी कधी विचारलं नाही. नळ सोडला की पाणी येतं, तसं वाटायचं.

मी त्या कामात हुशार निघाले. फोल्डरना नीट नावं दिली, सापडायला सोपं केलं. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माझी भाची हाय. इंजिनियरला गप करंल." एक दिवस त्यानं माझ्यासमोर माईक धरला आणि म्हणाला, "आपल्या दुकानाचं नाव सांग, गोड आवाजात." बाकीचे दुकानदार आमच्याकडून गाणी उचलून नेतात, म्हणून गाण्यात मधेच आपलं नाव टाकायचं, अशी त्याची युक्ती. म्हणजे चोरून आणलेलं कुणी आपल्याकडून चोरू नये म्हणून. त्यातली गंमत तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आली नाही. मी तीन-चारदा म्हणून दाखवलं. "नवतरंग मोबाईल, एसटी स्टँडसमोर, शिरूर." मामानं त्यातलं एक ठेवलं. पुढं कधी बसमध्ये कुणाच्या मोबाईलवर गाणं चालू असलं आणि त्यात माझा आवाज आला की मला गुदगुल्या व्हायच्या.

आप्पा एकदा मला भेटायला आले होते. बाकड्यावर बसून तासभर नुसतं बघत राहिले. मग मामाला म्हणाले, "विलास, ह्यो जो गाणं म्हणतोय, त्याला ह्यातलं काय जातं?"

मामा हसला. "दाजी, त्यांची पोटं भरलेली हायती. आपण चार गाणी घेतली तर त्यांच्या बंगल्याची वीट निघत न्हाई."

"आन् लिहिणारा?"

"त्येचं नाव तरी कुणाला ठाव असतंय?"

आप्पा काउंटरवरच्या कार्डांकडं बघत राहिले. मी मात्र मामाच्या बाजूनं हसले. ते हसू मला आजही आठवतं.

रिटायर व्हायला थोडा अवधी राहिला तेव्हा आप्पांनी ठरवलं की गाण्यांची सीडी काढायची. पीएफमधून उचल केली. पुण्याला एका इमारतीच्या तळमजल्यावर स्टुडिओ होता, तिथं सगळी पार्टी टेम्पोतून गेली. ढोलकीला मामाच हवा असा आप्पांचा हट्ट, आणि मामाही दुकान बंद ठेवून आला. आई कोरसला. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून उभी राहिलेली माझी आई मला अजून दिसते, पदर खोचलेला आणि डोळे गच्च मिटलेले. आठ गाणी झाली. सीडीच्या वेष्टनावर आप्पांचा कोट घातलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'गीत व गायन', मग त्यांचं पूर्ण नाव. खोके घरी आले त्या दिवशी आप्पांनी एक सीडी काढली आणि ते नाव बोटानं वाचलं, लहान मुलं वाचतात तसं, अक्षराअक्षरावर बोट ठेवून.

पहिला गठ्ठा त्यांनी मामाच्या दुकानात आणून दिला. मी तिथंच होते. मामानं सीडी कपाळाला लावली.

"इकायला ठेव," आप्पा म्हणाले. "पर कार्डात नगं भरूस, विलास. जयंतीला गावोगाव जाणार हाय आमी. तवा लोकांनी घेतली तर पुढची काढता येईल."

"दाजी, एक गाणं बाहेर जाणार न्हाई. आक्काची शपथ."

मी स्वतः त्या सीडी काचेच्या कपाटात पुढं मांडल्या. मग परीक्षा झाली, आणि जयंतीच्या तयारीला मदत म्हणून मी पंधरा दिवस आधीच दौंडला परत आले.

जयंतीचा आमचा पहिला कार्यक्रम वरवंडला होता. दुपार कलल्यावर आम्ही टेम्पोतून पोचलो. हमरस्त्यावरून गावात वळलो तोच ट्रॅक्टरवरच्या मोठ्या कर्ण्यांतून गाणं ऐकू आलं. शाईचा डाग. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते आमच्या कानात तसंही चालूच असायचं. मग आप्पांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. टेम्पो थांबला. निळ्या फेट्यातली पोरं नाचत होती, बाया टाळ्या वाजवत होत्या, आणि आईचा कोरसातला आवाज सगळ्या रस्त्यावर पसरला होता. आप्पा खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते आईला म्हणाले, "ऐकलंस का? लोकांना पाठ हाय."

गाणं पुढं सरकलं. तिसरं कडवं संपलं. ढोलकीचा तो तुकडा आला, ज्याच्यानंतर आप्पांचं नाव यायचं. आप्पांनी सवयीनं मान खाली घातली.

आणि कर्ण्यांतून माझा आवाज आला. "नवतरंग मोबाईल, एसटी स्टँडसमोर, शिरूर." गोड आवाजात. मग लगेच दुसरं गाणं सुरू झालं.

आप्पांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

त्या नजरेबद्दल मी अनेक वर्षं विचार केला आहे. तिच्यात राग नव्हता. एखादा माणूस ओळखीचा वाटून आपण हाक मारतो आणि तो वळल्यावर कुणी भलताच निघतो, तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "आप्पा, मी न्हाई." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दुसरं गाणं फार मोठ्यानं लागलं होतं.

कार्यक्रम तर करायचाच होता. स्टेजवर पार्टी बसली. शाईचा डाग घ्या म्हणून चिठ्ठी आली, आप्पांनी गायलं, आणि शेवटचं कडवंही म्हटलं, नेहमीपेक्षा हळू. खाली पुढच्या रांगेत एक तरुण बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. गाणं संपल्यावर ती अगदी चांगल्या मनानं मला म्हणाली, "छान म्हणत्यात तुमचे बाबा. पर ते शेवटचं त्यांनी त्यांच्या मनानं घातलं, न्हाई का? खऱ्या गाण्यात न्हाई ते. माझ्या मोबाईलमधी हाय की खरं." मी सीडीच्या खोक्यापाशी उभी होते. तीन-चार जण आले, सीडी उलटीपालटी करून बघितली आणि ठेवून दिली. एक जण म्हणाला, "हे तर कार्डात हाय आमच्याकडं." खोकं जसं नेलं तसं परत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला उठवलं आणि चप्पल घालायला सांगितलं. आप्पा कामावर गेले होते. आम्ही दोघींनी शिरूरची एसटी धरली. वाटेत तिच्या माहेराकडं, इनामगावाकडं जाणारा फाटा आला तेव्हा आईनं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. सबंध प्रवासात तिनं मला एकच विचारलं, "तू केलंस?" मी नाही म्हणाले. तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला होता.

मामा दुकान उघडत होता. आम्हाला बघून त्याला कळलं असणार, कारण त्यानं आधी चहा सांगितला.

"च्या नगं," आई म्हणाली. "गाणं कुणी दिलं, इलास?"

मामानं जरा इकडं तिकडं केलं. गिऱ्हाईकं मागत होती म्हणाला. त्यानं नाही दिलं तर दुसऱ्या कुणी सीडी विकत घेऊन भरलंच असतं म्हणाला. मग एकदम त्याला जोर आला. "आक्का, तू सांग, दाजींना काय पाहिजे व्हतं? लोकांनी ऐकावं हेच ना? आज सोलापूर रोडला ट्रकवाल्यांकडं हाय गाणं. सीडी किती जणांनी घेतली असती? कुणाकडं हाय आता सीडी लावायला?"

खोटं नव्हतं त्यात काही. मला आजही त्याच्या त्या बोलण्याला पुरतं उत्तर देता येत नाही. आईनं मात्र दिलं.

"ऐकूंदे की. फुकट ऐकूंदे. तू आमाला इचारलं असतंस तर त्यांनी हो म्हटलं असतं, त्यांचा सोभाव तुला ठाव हाय. पर नाव का कापलंस?"

मामा फडक्यानं काउंटर पुसायला लागला.

"ढोलकी तुझी हाय त्या गाण्यात. त्या कडव्याला तू दर ऐतवारी माझ्या दारात हात मारलास. तिथंच कसं कापलंस?"

"गाणं लांब व्हतं, आक्का. आन् जाहिरातीला तीच जागा मोकळी मिळत व्हती. ढोलकी थांबती ना तिथं." तो हे अगदी साधेपणानं म्हणाला, कामाची अडचण सांगावी तसं. मला वाटतं, त्यात काही मोठं आहे हे खरंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी मधे पडले. "आन् माझा आवाज कशाला लावलास? आप्पांना वाटलं मी केलं."

तेव्हा मामा माझ्याकडं वळला. असा तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "तू वरीसभर इथं बसून कार्डं भरलीस, सुजा. हजारभर गाण्यांत तुझा आवाज हाय. तवा कुणाचं नाव कापलं ते इचारलंस का कवा? आज बापाचं कापलं तवा लागलं तुला."

आई उठली. चहावाला पोचला होता, तिन्ही कप काउंटरवर ठेवत होता. आईनं काचेच्या कपाटातल्या सीडी एकेक करून काढल्या, पदरात घेतल्या आणि पायरी उतरली. मी तिच्या मागं गेले.

आईनं त्यानंतर भावाला राखी पाठवली नाही. इनामगावला लग्नकार्याला जायची, पण मामा आला की स्वयंपाकघरात निघून जायची. पुढं चारेक वर्षांत मोबाईलवर नेट स्वस्त झालं, कार्ड भरायला कुणी येईना, आणि मामाच्या दुकानात कव्हरं न् चार्जर तेवढे राहिले. आप्पा वारले तेव्हा तो आला आणि दाराशी खांबाला टेकून रडला. आईनं त्याला पाणी दिलं. बोलली नाही.

माझा लेक परवा मला म्हणाला, "आई, दर महिन्याला कशाला भरतेस गाण्यांच्या अॅपला? फुकट मिळतं की सगळं." मी त्याला हे काही सांगितलं नाही. आणि मी सगळंच विकत घेते असंही नाही. कुणी सिनेमाची लिंक पाठवली तर मीही कधीकधी उघडते, थोडा वेळ बघते आणि बंद करते. कारण विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. शेवटी येणारी नावं मात्र मी पूर्ण वाचते. घरातले चिडतात.

पण या सगळ्यात माझं खरं नुकसान वेगळंच झालं. आईनं त्या दिवशी शिरूरहून घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक हाय. पोरीचा काय दोष." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. माझ्या नोकरीला, लग्नाला, बाळंतपणाला ते होते तसेच मायाळू राहिले. फक्त मी खोलीत आले की ते वही मिटायचे. मुद्दाम नाही. त्यांना कळतही नसावं. लिहिता लिहिता हातातली वही आपोआप मिटायची. मी पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर गेले की मागं पान उलटल्याचा आवाज यायचा.

शेवटच्या वर्षी, थंडीत, मी दौंडला गेले होते. आप्पा रिटायर झाल्यावर बांधलेल्या घरासमोर उन्हात बाजेवर बसले होते. फार खंगले होते. मी शेजारी शेंगा सोलत बसले. थोड्या वेळानं ते गुणगुणायला लागले. नवं गाणं होतं, मी कधी न ऐकलेलं, आणि इतक्या वर्षांनी ते माझ्यासमोर म्हणत होते. माझा हात पर्समधल्या मोबाईलकडं गेला. दुसरं काही मनात नव्हतं, आवाज जपून ठेवावा एवढंच. मोबाईल बाहेर निघाला आणि आप्पा थांबले. रागावले नाहीत. मोबाईलकडं बघत राहिले, शिट्टी संपायची वाट बघावी तसे. मी तो बंद केला, पर्समध्ये टाकला आणि पर्स आत घरात नेऊन ठेवली. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि सगळं गाणं म्हटलं, पाच कडवी, धाप लागली तरी न थांबता. मी डोळे मिटून प्रत्येक शब्द धरायचा प्रयत्न केला.

संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर लिहून काढायला घेतलं. चाल येत होती. शब्द दोनच ओळींचे आले, आणि त्यांतली एक बरोबर आहे की नाही याची खात्री नाही.